टोळीच्या तेलाचा ग्लॉस

ओठ काचेसारखे चमकवणं म्हंजे लिपस्टिक फासणं नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. आता अहेरीत गल्लोगल्ली पार्लर झाले, अन् मोबाइल पाहून पाहून सगळ्याच पोट्ट्या मेकअपवाल्या झाल्या. पण ग्लॉस लावाचा तं रंभानंच, म्हंजे मीच. हे मी म्हणत नाई, गिऱ्हाईक म्हणते. मी फक्त त्यायले अधूनमधून आठवण करून देते.

रीत अशी आहे. आधी साखर अन् मध घेऊन ओठ घासाचे, म्हंजे मेलेली कातडी निघते. पुसून कोरडे कराचे. पेन्सिलनं कड काढाची, ओठाच्या जराशी बाहेरून, पण इतकीबी नाई का ओठ नाकापासूनच सुरू झाला म्हणतीन. रंग भराचा, टिपाचा, पुन्हा भराचा. अन् शेवटी ग्लॉस. खालच्या ओठाच्या मधोमध एक थेंब, अन् तिथून ब्रशनं दोन्हीकडे. हे झालं का मग बाईनं तोंड उघडाचं नाई. खाणं नाई, पाणी नाई, हसाचं तं तेबी बेतानं. अर्धं काम माहं असते, अर्धं तिचं, अन् बाया आपलं अर्धं नेमकं बिघडवतेत.

कंपनीचा ग्लॉस आमच्याकडे चालत नाई. उन्हाळ्यात तो हनुवटीपर्यंत येते, अन् वरून आमच्या रोडनं लोखंडी दगडाचे ट्रक. पोट्टी नुसती रोड ओलांडून गेली तरी ओठावर लाल मातीचा थर. म्हून मी आपला स्वतःचा ग्लॉस केला. मोहाच्या बिया, त्याले आमच्याकडे टोळी म्हणतेत, त्याचं तेल. त्यात मोहळाचं मेण, चिमूटभर चमकी, अन् वास लपवाले वेलची. मागच्या उन्हाळ्यात लगनसराईत या डबीनं असे ओठ चमकले, का एका फोटोवाल्यानं मले विचारलं, बाई, हिच्या ओठात माहा फ्लॅश दिसून राह्यला, काय करू. मी म्हटलं, तू बाजूले सरक.

आता दामिनीचं सांगते. दामिनी माह्या मोठ्या बहिणीची, देवकाची पोरगी. त्यायचं गाव अहेरीपासून जवळच, तलावाच्या पाळीखाली. बाप शालिकराम तलावात मासे धरते, थोडं धानाचं वावर आहे. पोरगी वनरक्षकाच्या भरतीत धावली, पास झाली, ट्रेनिंग झालं, मुलचेऱ्याकडच्या बीटवर रुजूबी झाली. पहिल्यांदा खाकी घालून घरी आली तेव्हा मी रडली. आनंदानं रडली, अन् तिचे ओठ वाऱ्यानं उलून गेले होते, त्याच्यासाठी थोडी दुःखानंबी रडली.

तिले स्थळ आलं घुग्घुसचं. पोरगा भूपेश, सिमेंट कंपनीत शिफ्टवर. पोरात काही खोट नाई, फक्त त्याचं तोंड देवानं जेवाच्याच कामासाठी दिलं आहे. बाप लहानपणीच गेला, म्हून घरचा सगळा कारभार वारलूमामाच्या हाती. अन् मामानं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं, लग्न झालं का पोरगी नोकरी सोडन. "घुग्घुसात आमचं नाव आहे जी. आमची सून काठी घेऊन वाघामागं फिरून राह्यली, असं लोकायनं म्हणाचं का?"

भूपेशनं दामिनीले फोनवर सांगतलं, "मले चालते तुही नोकरी. पण मामासमोर माह्याच्यानं बोलणं होत नाई. तू बैठकीत बोल."

या बैठकीचं समजून घ्या, नाई तं पुढचं समजणार नाई. आमच्या लोकायत साक्षगंधाले, म्हंजे साखरपुड्याले, पोरीले पाटावर बसवतेत अन् पाच पंच तिले विचारतेत, पसंत आहे का, काही म्हणणं आहे का. जे म्हणाचं ते तिनं तेव्हाच म्हणाचं. पंचासमोर निघालेला शब्द मग कोणाच्या बापाले फिरवता येत नाई. त्याच्यानंतर सासू तिच्या तोंडात साखर घालते. साखर तोंडात गेली का बोलणं संपलं. मागून कोणी कितीबी खरी अट सांगो, लोक म्हणतेत, साखर खाल्ली तेव्हा काऊन नाई बोलली? म्हून दामिनीनं ठरवलं होतं, साखरेच्या आधी सरळ सांगाचं, नोकरी सोडणार नाई.

हे सगळं मले ठाऊक होतं. मी तिची मावशी आहे, कोणी रस्त्यावरची नाई.

पण साक्षगंधाच्या चार दिवस आधी मले आचलचा फोन आला. आचल म्हंजे भूपेशची लहान बहीण. दिवसभर मोबाइलसमोर ओठ पुढं काढून उभी राह्यते. म्हणाली, "मावशी, वहिनीचे ग्लास लिप्स पाह्यजे. एकदम शाइन. आमच्या घुग्घुसात ग्लॉस टिकतच नाई. कोळशाची धूळ, सिमेंटची धूळ. घरून लावून निघाली का चौकात जाईपर्यंत मॅट."

मी म्हटलं, "माह्याकडे ये, मग पाह्य."

"अन् मले साखरेचं रील काढाचं आहे. चमकत्या ओठावर साखरेचे दाणे, स्लो मोशनमध्ये. पण त्याच्या आधी ओठ हालले नाई पाह्यजेत, नाई तं शाइन तुटते. एवढं जमलं तं लग्नाचा सगळा मेकअप तुह्याकडेच."

आता सांगा, सत्रा वर्षांच्या पोट्टीले शाइन तुटते हे कळते. आमच्या देवकाले अजून लिपस्टिक अन् कुंकू यातला फरक कळत नाई. मले आचल आवडली. मी शब्द दिला.

साक्षगंधाच्या दिवशी सकाळीच मी पेटी घेऊन गावात पोचली. थंडीचा महिना, पण ऊन कडक होतं. मुहूर्त बाराचा. दामिनीले अंगणात उन्हात बसवलं अन् साखरेनं ओठ घासाले लागली.

ती म्हणाली, "मावशी, ही साखर बैठकीत धरल्या तं नाई जात ना? माहं बोलणं अजून बाकी आहे."

"चूप बस. कड वाकडी होईन."

"मले बोलाचं आहे मावशी."

"बोल नं. रील झाल्यावर बोल."

"रील साखरेचं आहे. साखर झाल्यावर बोलून काय उपयोग?"

मले राग आला. मी इतकं जीव लावून काम करून राह्यली, अन् हिचं आपलं बोलणं अन् बोलणं. मी म्हटलं, "तुहा बाप कशाले आहे? तो सांगन तुह्याकडून." शालिकराम तिथीच जाळं गुंडाळत होता. म्हणाला, "हो हो, मी सांगतो. तू काळजी करू नको." शालिकरामनं आजपर्यंत कोणाले काही सांगतलेलं मी पाह्यलं नाई, पण त्या वेळी मले ते आठवलं नाई. मी खालच्या ओठावर थेंब ठेवत होती.

साडेअकराले काम झालं. अन् काय सांगू, असे ओठ माह्या हातून परत होतीन का नाई ठाऊक नाई. तलावावरचं ऊन सरळ तिच्या तोंडावर. शेजारच्या बाया येऊन पाहून गेल्या. मीराबाई म्हणाली, "काऊन वं, तूप खाऊन पुसलं नाई का?" जळते ती माह्यावर. देवका ताटात मासे-भात घेऊन आली, पोरगी सकाळपासून उपाशी म्हून. मी ताट दारातूनच परत पाठवलं. देवका म्हणाली, "भूक लागली असन तिले." मी म्हटलं, "भुकेचं संध्याकाळी पाहू." ओठ तिचे होते, पण त्याच्यावरचं काम माहं होतं.

बारा वाजले. एक वाजला. पाहुणे नाई. फोन केला तं आलापल्लीच्या अलीकडे ट्रकची रांग लागली होती, एक ट्रक आडवा झाला होता. तीन वाजले. दामिनी एका जागी बसून, हात मांडीवर, ओठ मिटून. वाघ दिसला तरी हालाचं नाई हे ट्रेनिंगमध्ये शिकवतेत म्हणे, ते तिले तिथी कामी आलं. मधे मधे माह्याकडे पाहत होती. त्या पाहण्यात जे होतं ते मी तेव्हा ग्लॉसचं कौतुक समजली.

पाहुणे आले तेव्हा दिवस बुडाले टेकला होता. आधी मामा उतरला, पांढरे कपडे लाल झालेले. मग भूपेश, पायाच्या बोटाकडे पाहत. मग आचल, मोबाइल वर धरून. अन् शेवटी त्यायची माय, भागीरथाबाई. आचलनं घरून निघतांना मायलेबी ग्लॉस लावून दिला होता, रीलमध्ये तिचाबी हात अन् तोंड येणार म्हून. तो कंपनीचा ग्लॉस, अन् खिडकी उघडी. बाईचे ओठ पार विटकरी झाले होते. देवकानं पाणी दिलं तं तिनं मानेनंच नाई म्हटलं. आचलनं सांगून ठेवलं होतं, पिऊ नको. मी त्या बाईचा आवाज तोपर्यंत ऐकलाच नव्हता.

घाईघाईनं बैठक बसली. पंच बसले, पाट मांडला, साखरेची वाटी समोर आली. अन् तलावाकडून थंडी उठली. आमच्या गावची थंडी सांगून येत नाई, दिवस बुडाला का सरळ अंगणात येऊन बसते.

आता थंडीत टोळीचं तेल बाटलीत गोठते, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोराले ठाऊक आहे. मलेबी ठाऊक आहे. पण बाटलीत. ओठावर गोठन हे मले कोणी सांगतलं होतं का? अन् पाहुणे बारा वाजता आले असते तं कशाले गोठलं असतं? चूक असन तं ती आडव्या झालेल्या ट्रकची आहे.

आधी चमक गेली. मग कडेकडेनं पांढरं धराले लागलं. मग मेणानं आपलं काम केलं. मी अंगणाच्या टोकाले उभी राहून पाहत होती. दामिनीनं ओठ हालवून पाह्यले असतीन, कारण मधोमध एक चीर गेली. ती घाबरून माह्याकडे पाहाले लागली. मी हातानं इशारा केला, हालवू नको, आहे तसंच ठेव.

तिकडे वारलूमामा सुरू झाला होता. मामाच्या ओठावर काही नव्हतं, म्हून त्याले अडचण नव्हती. खानदानाचं सांगतलं, घुग्घुसच्या दोन मजली घराचं सांगतलं, मग म्हणाला, "तं पंचहो, असं ठरलं आहे का पोरगी लग्नानंतर घर सांभाळन. जंगलाची नोकरी सोडन. शालिकरामभाऊ, बराबर?"

सगळे शालिकरामकडे पाहाले लागले. शालिकरामनं खाकरून घसा साफ केला. मग म्हणाला, "पाहुणे थकून आले आहेत. चहा आणा नं वं."

भूपेश आपल्या बोटाकडे पाहत होता.

एका पंचानं रीतीप्रमाणं विचारलं, "बाई, तुहं काही म्हणणं आहे का?"

दामिनीनं तोंड उघडाचा प्रयत्न केला. मेण फुटलं, पण तोंडातून आवाज नीट निघाला नाई, अन् वरून माहा हात हवेत, नको नको करत. मामा हसला. "लाजून राह्यली. बोलत नाई म्हंजे कबूल आहे. घ्या, साखर द्या." भागीरथाबाईनं वाटी उचलली.

तेवढ्यात आचल जवळ गेली मोबाइल घेऊन अन् तिथीच ओरडली, "मावशी, हे काय? वहिनीचे लिप्स तं पांढरे झाले. मेणबत्तीसारखे दिसून राह्यले."

सगळ्या बैठकीसमोर. माह्या कामाले मेणबत्ती. माह्या अंगाची आग झाली. मी दोन ढेंगात पाटाजवळ पोचली अन् म्हटलं, "थांबा सगळे. साखर खाली ठेवा बाई. दोन मिनिटात काच करून देते. देवका, चहा आण, कडक गरम." मेण गोठलं का वितळवाचं, त्यात काय एवढं. देवकानं कपबशी आणली. मी दामिनीच्या हाती दिली अन् कानात सांगतलं, "वाफ घे ओठाले. फक्त वाफ. प्याचा नाई."

दामिनीनं कप तोंडाजवळ नेला. वाफ लागली, अन् ओठ सुटले. मले वाटलं, जमलं. मग तिनं माह्याकडे पाह्यलं, चहा बशीत ओतला, अन् भुर्रकन पिऊन टाकला. पुन्हा ओतला, पुन्हा प्याली. बशीत तेलाचा तवंग अन् चमकी तरंगून राह्यली. माहं चार तासाचं काम, अन् त्याच्याआधीची सगळी मेहनत, त्या बशीत. शेवटी तिनं नव्या शालूच्या पदरानं तोंड पुसलं, खसाखसा, जसं वावरातून आलेली बाई पुसते.

अन् बोलली. "मी वनरक्षकाची नोकरी सोडणार नाई जी. पंचायनं ऐकून घ्यावं. भूपेशले हे चालते, त्यानं मले सांगतलं आहे. तुमाले चालत असन तं साखर द्या. नसन चालत तं चहा घेऊन जा, थंडी आहे."

मामाचं तोंड लाल. "आमच्या घरात बाया पंचासमोर असं बोलत नाईत," तो म्हणाला, "भूपेश, उठ."

भूपेश उठला नाई. बोललाबी नाई, ते त्याच्याच्यानं होणार नव्हतंच. पण उठला नाई. दोन्ही हातानं चटई धरून बसला.

मामा मग माह्यावर घसरला. "तुमी काय लावलं हो पोरीले? तोंड सांभाळता येत नाई तिले." मी म्हटलं, "माहं लावलेलं होतं तोपर्यंत तोंड बंदच होतं. पुसल्यावरचं मले विचारू नका." मले तेव्हा रडू येत होतं. कशाचं ते मले नीट सांगता येत नाई, अर्धं ग्लॉसचं होतं, अर्धं दुसरं काही. दिवसभर पोरगी उपाशी होती अन् मी तिले पाणीबी पिऊ दिलं नव्हतं.

तेव्हा भागीरथाबाईनं साखरेची वाटी मांडीवर ठेवली. पदराचा शेव घेतला अन् हळूहळू आपले ओठ पुसले. पदराले लाल धूळ लागली. आचल म्हणाली, "आई, काय करून राह्यली, रील बाकी आहे." बाईनं तिच्याकडे पाह्यलं नाई. देवकाच्या हातचा चहा घेतला, एक घोट प्याली, अन् भावाकडे वळली.

"माही बालवाडीची नोकरी होती," ती म्हणाली. आवाज जाड होता, कमी वापरलेला. "माह्या साक्षगंधाले पंचायनं मलेबी विचारलं होतं. वारलू, तू तेव्हा मागं उभा होता. तू म्हटला, लाजून राह्यली, द्या साखर. मी लाजत नव्हती. बोलाले तोंड उघडलं होतं, अन् त्यात साखर पडली."

मामा बसला खाली. भागीरथाबाईनं वाटीतून चिमूट घेतली अन् हात पुढं केला. पण तोंडात घातली नाई, थांबली. दामिनीले विचारलं, "झालं का तुहं सगळं बोलून? अजून काही असन तं बोल, माहा हात काही दुखत नाई."

दामिनी म्हणाली, "भूक लागली आहे."

सगळे हसले. पंचबी हसले, शालिकराम तं डोळे पुसत हसला. मग साखर दिली. आचलनं रील काढलं म्हणा, पण त्यात ओठ दिसतच नाईत, नुसते दात दिसतेत.

आचल रात्री गाडीत बसतांना मले म्हणाली, "मावशी, लग्नाचा मेकअप तुह्याकडेच. पण ग्लॉस नको." मी म्हटलं, ग्लॉसले काही झालं नाई, उन्हाळ्यात लग्न धरा अन् मग पाहा. माह्या मालाले कोणी नाव ठेवलेलं मले खपत नाई.

आठ दिवसानं दामिनी सकाळी सकाळी दुकानात आली, खाकी घालून, ड्यूटीवर जातांना. गाडी बाहेर सुरूच होती. ओठ पुन्हा उलले होते, एका ठिकाणी रक्त आलं होतं. म्हणाली, "मावशी, ते तुहं तेल दे." मी ग्लॉसची डबी काढली तं म्हणाली, "चमकीवालं नको. साधं."

तेल बाटलीत गोठलं होतं. मी बाटली चुलीजवळ धरली, वितळलं तसं बोटावर घेऊन तिच्या ओठाले लावलं. पेन्सिल नाई, ब्रश नाई. सवयीनं माह्या तोंडून निघालं, "आता बोलू न..." अन् मी तिथीच थांबली.

"काय म्हटलं?" तिनं विचारलं.

"काही नाई. पुसल्या गेलं तं पुन्हा लाव," मी म्हटलं, अन् बाटलीच तिच्या खिशात टाकली.